विकल्प कोणी धरायचा? : बालप्रेक्षक, हिंसा आणि सविकल्प समाधी

१

माध्यमांतील हिंसेचा मुलांच्या वाढीवर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मानसशास्त्राच्या किंवा कायद्याच्या दालनात विचारला जातो. साहित्यसमीक्षेने त्याच्याकडे सहसा पाठच फिरवली आहे. याचे कारण उघड आहे. समीक्षा ज्या रसिकाची कल्पना करते तो प्रौढ असतो. अभिनवगुप्ताचा सहृदय, अ‍ॅरिस्टॉटलचा शोकात्मिकेचा प्रेक्षक, मर्ढेकरांचा लयभान असलेला आस्वादक, यांपैकी कोणालाही आपण आठ वर्षांचा कल्पिलेला नाही. मूल ही आस्वादाची अपुरी अवस्था मानायची आणि ते मोठे होण्याची वाट पाहायची, असा एक अलिखित संकेतच पडून गेला आहे.

मात्र या प्रश्नाची पहिली मोठी मांडणी तत्त्वज्ञाच्याच हातून झाली आणि ती मुलांना समोर ठेवूनच झाली, हे विसरता येत नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या खंडात देवादिकांच्या परस्परवैराच्या कथा मुलांना सांगू नयेत असे म्हटले, तेव्हा त्याचा मुख्य मुद्दा त्या कथा खोट्या आहेत एवढाच नव्हता. कथेत काही गूढार्थ असला, तरी कोणते रूपक आणि कोणते नव्हे हे कोवळ्या मनाला ओळखता येत नाही, आणि त्या वयात जे ठसते ते पुसत नाही, अशी त्याची चिंता होती. म्हणजे प्लेटोचा आक्षेप हिंसेपेक्षाही एका असमर्थतेकडे बोट दाखवतो. ही असमर्थता नेमकी कशाची, हे सांगण्यासाठी मराठी समीक्षेत एक नेमकी संज्ञा उपलब्ध आहे. ती म्हणजे न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’.

वाचक किंवा प्रेक्षक कलाकृतीतील परभूमिकेत शिरतो, पण आपली स्वतःची भूमिका सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयानंद निर्माण होतो, अशी केळकरांची उपपत्ती. तिच्या मर्यादांची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. येथे तिचा एकच घटक आपल्या कामाचा आहे, तो म्हणजे विकल्प. ‘मी तो नव्हे’ किंवा ‘हे तसे नव्हे’ ही जाणीव समाधीत कायम राहते, म्हणूनच रंगमंचावरचा खून पाहून प्रेक्षक पोलिसांना बोलवायला धावत नाही. केळकरांनी हा विकल्प रसिकाजवळ आहेच असे गृहीत धरले. मुलाजवळ मात्र तो तयार स्थितीत नसतो. मग मुलाच्या वतीने विकल्प कोण धरतो? प्रस्तुत लेखाचा प्रतिपाद्य विषय एवढाच आहे, आणि माध्यमांतील हिंसेचा नैतिक प्रश्न मुख्यतः येथेच उभा राहतो असे आमचे म्हणणे आहे.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा हे बाजारगाव आहे. पलीकडच्या तीरावर चांदोरी, प्रवाहाच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचे धरण, सभोवार ऊस, कांदा आणि द्राक्षे. अशा गावातले मूल हिंसा अनेक वाटांनी पाहते : सप्ताहातल्या कीर्तनाच्या आख्यानात, दूरचित्रवाणीच्या मालिकेत, मोबाईलवरच्या नेमबाजीच्या खेळात, आणि उसाच्या आडोशाने वस्तीपर्यंत आलेला बिबट्या कुत्रे उचलून नेतो, त्या चित्रफितीतही. या सर्व हिंसा एकाच मापाने मोजता येतील काय?

२

प्रथम प्रायोगिक पुरावा थोडक्यात पाहू. अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड येथे केलेला ‘बोबो’ बाहुलीचा प्रयोग सर्वपरिचित आहे. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुले संधी मिळताच ती तशीच बडवू लागली. १९६३ साली प्रत्यक्ष माणसाऐवजी चित्रपट दाखवूनही तसाच परिणाम दिसला. १९६५ सालचा त्यांचा प्रयोग याहून मार्मिक आहे. बडवणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण पाहिलेले करून दाखवल्यास बक्षीस मिळेल असे सांगताच त्यांनीही इतर मुलांइतक्याच कृती करून दाखवल्या. शिकणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले. खलनायकाला अखेरीस शिक्षा होते, म्हणून चित्रपट निरुपद्रवी ठरतो, हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद या एका प्रयोगापुढे लंगडा पडतो.

यापुढचा पुरावा मात्र एका दिशेने जात नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ साली हिंसक व्हिडिओ-खेळ आणि आक्रमक वर्तन यांत संबंध असल्याचे मान्य केले. पण २०२० साली आपल्या ठरावाला पुरवणी जोडून, प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्याइतका आधार नाही असेही बजावले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरांच्या अभ्यासात प्रिझिबिल्स्की आणि वाइनस्टाइन यांना असा संबंध आढळलाच नाही. ‘परिणाम होतो’ आणि ‘परिणाम होत नाही’ या दोन्ही पक्षांना हवे ते वेचून घेता येईल अशी ही स्थिती आहे.

आपल्या दृष्टीने अधिक बोलके असे दोन अभ्यास आहेत. ह्यूसमन आणि सहकाऱ्यांनी १९७७ पासून पाहिलेल्या शिकागो परिसरातील तीनशेहून अधिक मुलांचा पंधरा वर्षांनंतर मागोवा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, लहानपणी पाहिलेल्या हिंसेच्या प्रमाणाबरोबरच आणखी दोन गोष्टी पुढील आक्रमकतेशी निगडित आढळल्या : आक्रमक पात्राशी मुलाने साधलेले तादात्म्य, आणि पडद्यावरचे ‘खरेच असे असते’ ही त्याची समजूत. केळकरांच्या भाषेत बोलायचे तर समाधी होती आणि विकल्प नव्हता. दुसरा अभ्यास डेव्हिड हिक्स यांचा, १९६८ सालचा. हिंसक चित्रफीत पाहताना मुलाजवळ बसलेल्या मोठ्या माणसाने नापसंती व्यक्त केली, तर मुलाचे अनुकरण घटले. पण ते माणूस खोलीत हजर असेपर्यंतच. ते निघून गेल्यावर त्याच्या शब्दांचा प्रभाव उरला नाही.

विकल्प दुसऱ्याकडून उसना मिळू शकतो, हा हिक्स यांच्या प्रयोगाचा आशादायक अर्थ. उसना विकल्प धनी उठून गेला की त्याच्याबरोबर जातो, हा त्याचा अस्वस्थ करणारा अर्थ. तेव्हा आपला प्रश्न दुहेरी होतो. मुलाच्या वतीने विकल्प कोण धरतो, आणि तो मुलाचा स्वतःचा कसा होतो?

३

पूर्वी मुलांवर हिंसेचे संस्कार नव्हते, ही समजूत भाबडी आहे. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तील चौदाव्या अध्यायात श्रियाळ-चांगुणेचे आख्यान येते. अतिथी होऊन आलेला शंकर चिलया बाळाच्या मांसाचे भोजन मागतो; आई त्याला आपल्या हातांनी चिरते; लपवून ठेवलेले मस्तकही अतिथी मागतो आणि ते उखळात कांडताना डोळ्यांतून पाणी काढायचे नाही, गाणे म्हणायचे, अशी अट घालतो. दूरचित्रवाणीवरच्या कोणत्या मालिकेत याहून भीषण दृश्य आहे? तरीही ही कथा घरोघरच्या पारायणात वाचली गेली, बायकांच्या गाण्यांत आली, आणि श्रावणातल्या श्रियाळषष्ठीला पिढ्यानुपिढ्या मुलांच्या कानांवर पडली.

मुले त्यामुळे क्रूर झाली नाहीत, असे कोणी मोजलेले नाही. तेव्हा तसा दावा करण्यात अर्थ नाही. पण ही हिंसा कोणत्या रचनेतून मुलापर्यंत पोचत होती हे पाहता येते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाच्या निरूपणानंतरच उत्तररंगाचे आख्यान येते. आख्यान ऐन कडेलोटाला आले की कीर्तनकार मध्येच अभंग घेतो, टाळ वाजतात, गजर होतो. मांडीवर बसलेल्या मुलाला आजीचा हात जाणवत असतो. आजूबाजूची माणसे रडताहेत आणि तरी कोणी उठून पळत नाही, हे त्याला दिसत असते. समाधी आणि विकल्प येथे एकाच व्यक्तीच्या मनात नसून एका मंडळींत वाटलेले असतात. मुलाकडे समाधी, सभेकडे विकल्प. नाट्यशास्त्रानेही युद्ध, वध, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात असे सांगितले. म्हणजे हिंसा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणीतरी सांगणारे उभे केले.

सांगणाऱ्याच्या जोडीला, करून दाखवणाऱ्याचे करणेही मुलाला दिसत असे. नाशिक आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाड्यात देवदैत्यांची सोंगे मुखवटे घालून रात्री नाचवली जातात. मशालीच्या उजेडात ती पाहून मूल भिते. पण त्याच मूलाने गावातला मुखवटा रंगवला जाताना पाहिलेला असतो, आणि त्या दैत्याच्या मुखवट्याआड गावातलेच ओळखीचे माणूस आहे हेही त्याला ठाऊक असते. भीती खोटी नसते आणि ज्ञानही खोटे नसते. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हा धडा मूल तेथे कोणी न शिकवता घेते.

चित्रपटाचे माध्यम आले तेव्हा ही जाण लगेच हरवली, असेही नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळीच पडद्यावर एका मुलाचा मृत्यू आहे आणि तो चित्रित करणारा त्याचा बाप आहे. फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला, आणि त्याच साली चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही काढला. ‘कालियामर्दन’ (१९१९) याहून लक्षणीय. त्याच्या आरंभी फाळके आपली मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा पडद्यावर आणतात. ती एकामागून एक भाव करून दाखवते, आणि मग तीच मुलगी कृष्ण होऊन कालियाशी झुंजते. फाळक्यांचा हेतू मुलीचे अभिनयकौशल्य दाखवण्याचा असेल. परिणाम मात्र असा की पडद्यावरचा बालकृष्ण ही एक मुलगी आहे, हे समोर बसलेल्या मुलांना झुंज सुरू होण्यापूर्वीच कळले. विकल्प कलाकृतीच्या दारातच हाती दिला गेला.

४

येथे एक गंभीर आक्षेप घेतला पाहिजे. सभेने धरलेला विकल्प नेहमी मुलाच्या हिताचाच असतो काय? चिलयाच्या कथेत मूल अखेरीस परत येते. आईने हाक मारताच धावत येते. हा सुखान्त मुलाला दिलासा देतो, हे खरे. पण त्याच कथेतून आणखी एक गोष्ट ठसते : आज्ञा पुरेशा उंचीवरून आली की मुलाला चिरणेही पुण्य ठरते, आणि आईने रडायचेसुद्धा नसते. एकलव्याच्या अंगठ्याची कथा शतकानुशतके गुरुभक्तीचे उदाहरण म्हणून मुलांना सांगितली गेली. ती मुळात एका मुलाच्या शरीरावर केलेल्या अत्याचाराची कथा आहे, हे मोठ्याने म्हणायला दलित साहित्य यावे लागले. ‘हे खरे नाही’ असे सांगणारी सभा त्याच श्वासात ‘हे योग्य आहे’ असेही सांगत होती. विकल्प होता; प्रश्न विचारायला जागा नव्हती.

म्हणून जुन्या आजीच्या नावाने उसासे टाकून या लेखाचा शेवट करता येणार नाही. विकल्पाला दोन अंगे आहेत. ‘हे तसे नव्हे’ हे ज्ञानाचे अंग. ‘हे असे का असावे?’ हे नीतीचे अंग. परंपरेने पहिले अंग मुलाला उदारपणे दिले आणि दुसरे बव्हंशी आपल्याकडे राखून ठेवले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. मुलाच्या आस्वादात हे ध्रुव वेगळे काढताच येत नाहीत. कथेतली गोष्ट कथेपुरती आहे हे त्याला कळायला हवे, आणि कथा आपल्या जगण्याविषयी काय म्हणते हे विचारायचेही त्याला धैर्य हवे. जो विकल्प केवळ पहिल्यावर थांबतो तो मुलाला शांत करतो, शहाणे करत नाही.

५

आता सायखेड्यातल्या मुलाच्या हातातील मोबाईलकडे वळू. येथे पूर्वीची रचना दोन प्रकारे मोडते.

पहिला मोड सर्वांना दिसतो. मूल एकटे असते. दूरदर्शनवर १९९७ साली ‘शक्तिमान’ सुरू झाली तेव्हा संकटात सापडलो तर शक्तिमान वाचवायला येईल, या विश्वासाने मुलांनी जिवावरचे प्रकार केल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. त्यांतील खऱ्या किती, यावर वाद झाला. पण मालिकेच्या शेवटी नायक स्वतः मुलांशी बोलू लागला आणि आपले अनुकरण न करण्याची समज देऊ लागला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. बातम्यांतील मुले कोणाला मारायला निघालेली नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला होता. समाधीतून जन्मणारे अनिष्ट दरवेळी क्रौर्याचेच असते असे नाही. त्या काळी निदान घरात एकच संच होता, आणि पाठीमागून कोणीतरी ‘बंद कर ते’ म्हणण्याची शक्यता होती. हातातला पडदा फक्त पाहणाऱ्याचा असतो.

दुसरा मोड अधिक खोलवरचा आहे. मोबाईलवर खेळातला वध, मालिकेतला खून, शेजारच्या वस्तीवरचा बिबट्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत शिरलेले गोदावरीचे पाणी, दूरच्या गावी जमावाने केलेली मारहाण, हे सारे एकाच बोटाच्या हालचालीने, एकाच आकाराच्या चौकटीत, एकापाठोपाठ येते. यांपैकी काहींच्या बाबतीत मुलाला विकल्प हवा. काहींच्या बाबतीत तो नसायला हवा. बिबट्याची चित्रफीत पाहून मूल भ्यायले पाहिजे आणि संध्याकाळी उसाकडे एकटे जाऊ नये. तेथे ‘हे तसे नव्हे’ म्हणणे घातक आहे. मारहाणीच्या चित्रफितीतील माणूस खरा आहे आणि त्याला खरेच लागते आहे, हे त्याला कळलेच पाहिजे. बोहाड्यातल्या मुलाला रात्रीचे सोंग आणि दिवसाचा माणूस यांतला फरक ठाऊक होता. आजच्या मुलाला तो ठरवण्याची खूणच मिळत नाही. त्यामुळे खेळातला वध खरा वाटण्यापेक्षाही खरी मारहाण खेळ वाटू लागण्याचा धोका मोठा आहे, असे मानावे लागते.

ही केवळ मुलांची अडचण आहे असे समजून प्रौढांनी निश्चिंत होऊ नये. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा भ्रमणध्वनीवरून देशभर पसरल्या. त्या काळात फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरून आलेली माणसे मूल उचलतात, आणि लगेच परत आणून सोडतात व संदेशाचा फलक दाखवतात, अशी तिची रचना. आपल्याकडे फिरली ती शेवट कापलेली. म्हणजे ‘हे तसे नव्हे’ असे सांगणारा भागच कोणीतरी छाटला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातच, मालेगावी, लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावाने याच संशयावरून घेरले. पोलिसांनी त्यांना वाचवले. मारणारे प्रौढ होते. विकल्प वयाबरोबर आपोआप पिकतो हा समज तेथे धुळीला मिळाला. आणि हेही ध्यानात घ्यावे की त्या जमावाने हिंसा केली ती मुलांच्या रक्षणाच्या नावाने.

६

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नाही. नागपूर उच्च न्यायालयातील न्या. विव्हियन बोस यांनी चाळिसाच्या दशकात, शब्दांचा परिणाम मोजताना दुर्बल व चंचल मनाचा नव्हे तर समंजस आणि खंबीर माणूस प्रमाण मानावा, असे तत्त्व सांगितले. १९८८ साली ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच प्रमाण मानले. प्रौढांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी ते योग्यच होते. पण मूल या व्याख्येच्या बाहेर राहते. चंचल असणे हेच तर त्याचे मूलपण. मुलांसाठी मग वेगळा कायदा लागतो. १९५६ च्या हानिकारक प्रकाशनांविषयीच्या अधिनियमाने वीस वर्षांखालील व्यक्तीला तरुण ठरवले. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा या वयांनुसार भाग पाडले. यात एक शहाणपण आहे. पालकांच्या मार्गदर्शनाची अट घालताना कायदा अप्रत्यक्षपणे मान्य करतो की विकल्प धरणारे कोणीतरी सोबत असले पाहिजे. पण तो सोबती पुरवणे कायद्याच्या हाती नाही. आणि द्राक्षांच्या हंगामात दिवसभर बागेत राबणाऱ्या आईबापांनी प्रत्येक चित्रफितीशेजारी बसावे, ही अपेक्षा शहरी मध्यमवर्गाची सोय पाहून केलेली आहे.

तेव्हा हिक्स यांच्या प्रयोगातील दुसऱ्या प्रश्नाकडे परत यावे लागते. माणूस उठून गेल्यावरही विकल्प मागे कसा राहील? परंपरेतील उदाहरणे येथे एक दिशा दाखवतात. मुखवटा रंगताना पाहिलेल्या मुलाला नंतर कोणी शेजारी बसून समजवावे लागत नाही. घडण पाहिल्याने, आणि स्वतः घडवल्याने, विकल्प मुलाचा होतो. शाळेत मुलांनी एखाद्या मारामारीच्या दृश्याची स्वतः जुळणी करून पाहावी. कोठे कापले, आवाज कोठून आणला, शेवट छाटला तर अर्थ कसा उलटतो, हे हाताने करून पाहावे. एकलव्याची गोष्ट त्याच्या आईच्या तोंडून लिहून पाहावी. चांगुणेने रडायचे ठरवले असते तर पुढे काय झाले असते, यावर वर्गात भांडावे. यातील पहिली कृती ज्ञानाचे अंग घडवते, उरलेल्या दोन नीतीचे.

हे सर्व केल्याने मुले अहिंसक होतील, अशी हमी देता येत नाही. घरातली मारझोड, जातीतले वैर, कर्जाखाली वाकलेला बाप, यांपासून मूल जी हिंसा शिकते तिला कोणतीही समीक्षा पुरी पडणार नाही, आणि पडद्याला दोष देऊन त्यांवर पांघरूण घालणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. दावा मर्यादित आहे. पाहिलेले आणि असलेले यांतला फरक करणे, आणि असलेल्याला प्रश्न विचारणे, ही क्षमता मुलाला कोणीतरी द्यावी लागते. ज्या शास्त्राने ‘सविकल्प’ हा शब्द आपलासा केला त्याने ती देण्याचे काम आपले नाही असे म्हणू नये. विद्यापीठातल्या वर्गात आपण हा विकल्प विशीतल्या विद्यार्थ्याला संज्ञा म्हणून शिकवतो. त्याची गरज त्याच्या कितीतरी आधी, हातात पहिला पडदा येतो त्या वयात सुरू झालेली असते.